आत्या आणि टेम्पलहोफचं मैदान

आत्या बर्लिनला आली त्या आठवड्यात मी अकरा महिन्यांतली तिसरी खोली सोडायच्या तयारीत होते. महिनाअखेरीला जागा रिकामी कर, असा घरमालकाचा मेसेज आला होता, तोही आठच दिवस आधी. दुसऱ्याच्या करारावर राहणाऱ्याकडे भांडायला कागद नसतो. इथे त्याला ‘झ्विशेनमीटे’ म्हणतात, म्हणजे मूळ भाडेकरू बाहेर असेल तेवढ्यापुरती घेतलेली जागा. त्यात पुष्कळदा ‘आनमेल्डुंग’ होत नाही, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंद होत नाही, आणि नोंद नसली की बँकेपासून व्हिसापर्यंत सगळं अडतं. माझ्या बॅगा अर्ध्या भरलेल्या होत्या. आत्या त्यांच्या मध्ये गादी घालून झोपत होती आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती.

शनिवारी मला सुट्टी होती. राजवाडे, संग्रहालयं, भिंतीचे अवशेष अशी यादी मी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती बाजूला सारली.

“मला बागा दाखव,” ती म्हणाली. “लालबागला संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडले तर चालायला फुटपाथसुद्धा नाही. इथली माणसं कुठे बसतात ते बघू दे.”

आत्या मुंबईत पालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. राहते ती आजोबांच्याच चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. मी शहर-नियोजन शिकायला इथे आले, तेव्हा ते नेमकं काय असतं हे तिनं दोनदा विचारून घेतलं होतं. आमचं त्या विषयावर भांडण होईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

सकाळी आम्ही डालेमच्या वनस्पती उद्यानात गेलो. त्रेचाळीस हेक्टरांची बाग, वीस हजारांच्या आसपास वनस्पती. १९०७ साली पुरं झालेलं लोखंड-काचेचं तिथलं मोठं उष्णघर पंचवीस मीटर उंच आहे. दार ढकलून आत गेल्याबरोबर आत्याचा चष्मा वाफेनं झाकोळला. तो पदरानं पुसून तिनं वर बघितलं. समोर बांबूचं बेट छताकडे गेलं होतं. तिनं एका कांडावर तळवा ठेवला, मग दोन्ही हातांची बोटं जुळतात का ते बघितलं.

“आपला कळकसुद्धा याच्यापुढे पोर वाटेल,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं की इरावती कर्वे याच डालेममध्ये शिकल्या. १९२८ च्या सुमारास त्या इथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत आल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर त्यांचा प्रबंध होता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचं शास्त्र सांगणारे. कवट्यांच्या मापांत तसा वंशभेद दिसत नाही, असं इरावतीबाईंनी त्यांच्याच हाताखाली लिहून दिलं.

आत्यानं इरावतीबाईंचं ‘युगान्त’ किती वेळा वाचलंय याची गणती नाही. ती वाटेतच थांबली.

“परक्या देशात, गुरूच्या तोंडावर?”

“हो.”

“मग आज तूही माझ्या तोंडावर बोल. आल्यापासून बघतेय, मी काही म्हटलं की तू हो हो करतेस.”

*

एस-बान रूळांवरून शहराकडे निघाली की कडेला छोट्या छोट्या बागा दिसतात. तुळतुळीत कापलेलं कुंपण, सफरचंदाचं झाड, लाकडी खोपटं. बर्लिनमध्ये अशा सत्तर हजारांच्या आसपास बागा आहेत. जागा भाड्यानं मिळते, भाजी-फळं लावावीच लागतात आणि खोपटं चोवीस चौरस मीटरपेक्षा मोठं बांधता येत नाही. कायमचं राहायची तर मनाईच.

“चोवीस मीटर म्हणजे किती फूट?”

“दोनशे अठ्ठावन्न.”

आत्या हिशेब करत खिडकीबाहेर बघत राहिली. दहा बाय बारा म्हणजे एकशे वीस. ती आणि माझे बाबा धरून पाच माणसं त्या एकशे वीस फुटांत वाढली.

टिअरगार्टनला आम्ही डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, आत्यानं आणलेलं लिंबाचं लोणचं. जूनमध्ये लिंडनची झाडं फुलतात आणि सगळ्या बागेला मधासारखा वास येतो. शहराच्या ऐन मध्यात दोनशे दहा हेक्टरांचं हे रान. एकेकाळी राजाचं शिकारीचं जंगल, पुढे लोकांना खुलं झालेलं.

“किती जुनी असतील ही झाडं?” आत्यानं विचारलं.

“वाटतात तेवढी नाहीत. पंचाहत्तर-ऐंशीच्या आतली बहुतेक. युद्ध संपलं तेव्हा कोळसा नव्हता. दोन हिवाळे लोकांनी इथली झाडं तोडून जाळली. दोन लाखांवर झाडं होती, त्यांतली सातशेच्या आसपास उरली. मग जमिनीचे अडीच हजारांवर तुकडे पाडून त्यांत बटाटे नि भाजी लावली.”

“बरोबर केलं. पोरं गारठून मरत असतील तर झाड ठेवून काय करायचं?”

“मीही तेच म्हणते, आत्या. गरज मोठी असली की बागेनं मागे सरावं. १९४९ च्या मार्चमध्ये इथे पहिलं लिंडन लावलं गेलं. तेव्हा रशियनांनी शहराची नाकेबंदी केलेली, रस्ते-रेल्वे बंद. तरी जर्मनीतल्या दुसऱ्या शहरांनी मिळून अडीच लाख रोपं पाठवली, त्यांतली काही विमानानं. म्हणजे बाग परत उभी करता येते. माणसाला बेघर ठेवून ती जपायची गरज नाही.”

आत्यानं उत्तर दिलं नाही. डब्याचं झाकण लावलं, बाकावर सांडलेले पोळीचे कण गोळा करून रुमालात बांधले आणि म्हणाली, “चल, पुढची बाग.”

*

पुढची बाग म्हणजे टेम्पलहोफचा विमानतळ. पाराडेष्ट्रासे स्टेशनवरून वर आलो, फाटकातून आत शिरलो आणि आत्या उभी राहिली. डावीकडे सव्वा किलोमीटर लांबीची टर्मिनलची इमारत, नाझी काळात बांधलेली. समोर काहीच नाही. गवत, दोन समांतर धावपट्ट्या, आणि आभाळ थेट जमिनीपर्यंत टेकलेलं. धावपट्टीवर कुणी सायकल शिकत होतं, कुणी चाकांच्या फळीला पतंग बांधून वाऱ्यावर धावत होतं.

“विमानं?”

“२००८ मध्ये बंद झाली. २०१० मध्ये हे लोकांना उघडून दिलं.”

“किती मोठं?”

“मोकळं मैदान तीनशे हेक्टरांवर. साडेसातशे एकर धर.”

“आमच्या गिरण्यांची जमीन सहाशे एकर होती,” आत्या म्हणाली. आणि चालायला लागली.

मी तिला त्या जागेची गोष्ट सांगत गेले. नाकेबंदीच्या त्या वर्षी पश्चिम बर्लिनला पीठ, कोळसा, दूध, औषधं विमानांनी पोचवली, पावणेतीन लाखांवर फेऱ्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी याच धावपट्टीवर उतरल्या. विमानतळ बंद झाल्यावर सरकारनं ठरवलं की मधलं मैदान तसंच ठेवायचं, कडेनं साधारण ४,७०० घरं बांधायची, एक मोठं ग्रंथालय उभारायचं. लोकांनी सह्या गोळा केल्या. २५ मे २०१४ ला सार्वमत झालं आणि जवळजवळ दोन तृतीयांश मतं पडली की एक वीटसुद्धा नको. त्याचा कायदा झाला. अलीकडे पुन्हा कडेच्या बांधकामाची बोलणी सुरू झाली आहेत.

“आणि तुझं मत?”

“बांधावं. कडेला बांधावं.” मी सकाळपासून ते गिळत होते. “मी एका खोलीसाठी चाळीस-पन्नास मेल पाठवते, दोन उत्तरं येतात. खोली बघायला गेलं की जिन्यात पंधरा जण उभे. सहाशे चाळीस युरो देऊन माझं नाव दारावर नाही. आणि इथे साडेसातशे एकरांवर लोक पतंग उडवतात. ४,७०० घरं म्हणजे दहा हजार माणसं झाली असती, आत्या. मैदानाची नुसती किनार गेली असती.”

“किनार,” आत्या म्हणाली. “बाय, आम्हालाही किनारच सांगितली होती.”

तिला मध्ये तोडायचं नाही एवढं मला लहानपणापासून माहीत आहे.

“१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तुझे आजोबा साचेखात्यात होते. संप मोडला कधी ते कुणी सांगितलंच नाही, एकेक भोंगा वाजायचा थांबला तेवढं कळलं. मग १९९१ मध्ये नियम निघाला की गिरणीमालकाला जमीन विकसित करायची तर तीन वाटे करायचे. एक वाटा शहराला, मैदानं-बागांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. एक मालकाचा. मी शाळेतल्या मुलांना फळ्यावर वर्तुळ काढून दाखवलं होतं. तीन सारखे भाग. म्हटलं, हा हिरवा भाग तुमचा, इथे तुम्ही क्रिकेट खेळणार. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, नियमात थोडा बदल केला. वाटे करायचे ते गिरणीच्या आवारातल्या फक्त रिकाम्या जमिनीचे. शेडखालची जमीन हिशेबातून बाहेर. आणि गिरणीत रिकामी जमीन असते किती? सगळीकडे शेडच. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला. माझं वर्तुळ गेलं.”

“हे मी शिकलेय, आत्या. आमच्या अभ्यासात आहे ते.”

“तुझ्या अभ्यासात आहे. माझ्या गॅलरीतून दिसतं. समोर काचेचे चाळीस-पन्नास मजले आहेत. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. तेव्हा आजोबा नव्हते. आता उरलेल्यांना शेलू-वांगणीला घरं घ्या म्हणतात. लालबागच्या कामगाराला कर्जतच्या गाडीत बसवतात.” ती क्षणभर थांबली. “घर नको असं मी म्हणेन का? एकशे वीस फुटांत आयुष्य गेलंय माझं. पण घराचं नाव सांगून मोकळी जमीन मागतात तेव्हा मी आधी विचारते, कुणाचं घर.”

धावपट्टी दिवसभर तापून गरम झाली होती, आणि आमचं चालणं मंदावलं होतं. मला तिचं बोलणं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच राग येत होता.

“आता माझं ऐक,” मी म्हटलं. “सार्वमतात मत देता आलं ते जर्मन नागरिकांना. ज्यांना डोक्यावर छप्पर होतं, पंधरा वर्षांपूर्वीच्या भाड्याचा करार होता, त्यांनी ठरवलं की अजून छपरं नकोत. ज्यांना या शहरात यायचं होतं त्यांचं मत कुणी मोजलं? माझं? आणि ते समोरचं बघ.” मैदानाच्या पूर्वेला जुन्या पाच मजली इमारतींची रांग दिसत होती. “शिलरकीझ म्हणतात त्या वस्तीला. डोक्यावरून विमानं जायची तेव्हा तिथे कुणी राहायला तयार नसायचं, म्हणून भाडी कमी. तुर्की, अरब कुटुंबं, कामगार, विद्यार्थी. विमानं थांबली, मैदान उघडलं, आणि भाडी वर गेली. कितीतरी जुनी कुटुंबं उठली. ज्यांनी आवाज सोसला त्यांना हिरवळ मिळालीच नाही. तुझ्या लालबागमध्ये मोकळी जमीन गेल्यावर गरीब उठला, इथे मोकळी जमीन राहिली म्हणून उठला.”

आत्या बराच वेळ गप्प होती.

“हे मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. मग पुन्हा, “भाडं मैदानानं वाढवलं की घरमालकानं?”

“वाढवलं घरमालकानं. मैदानानं त्याला निमित्त दिलं.”

“मग इथल्या लोकांनी घरमालकांबद्दल काही केलं नाही?”

“केलं. २०२१ मध्ये दुसरं सार्वमत झालं. मोठ्या कंपन्यांची घरं सरकारनं ताब्यात घ्यावीत म्हणून. तेही जिंकलं. पण त्यानं सरकार बांधलं जात नव्हतं, अजून अंमल नाही.”

“म्हणजे जमीन वाचवायचं मत कायदा झालं आणि घरं मिळवायचं मत कागदावर राहिलं,” आत्या म्हणाली. “तुझं भांडण मग या गवताशी कशाला?”

*

मैदानाच्या मध्यावर गवताचा मोठा पट्टा दोरीनं वेगळा केलेला होता. पाटीवर पक्ष्याचं चित्र होतं. चंडोल इथे जमिनीवरच घरटं करतो, म्हणून पिल्लं उडेपर्यंत तिथे पाऊल टाकायचं नाही, गवत कापायचं नाही. चंडोल दिसला नाही, पण ऐकू आला. वर कुठेतरी, खूप उंच, एक अखंड बारीक आवाज. आत्या मान मागे टाकून शोधत राहिली आणि एका जागी तिला तो सापडला. थरथरता ठिपका. तो सरळ वर चढत गेला, मग दगड पडावा तसा गवतात उतरला आणि गप्प झाला.

“याचंही घर आहे की इथे,” मी म्हटलं. त्याचं उत्तर तिनं दिलं नाही, दिलं ते दुपारच्या बोलण्याचं.

“टिअरगार्टनचं तू सांगितलंस. झाडं तोडली आणि परत लावली. का लावता आली? जमीन उघडी होती म्हणून. बटाट्याखालची माती मातीच राहते. तिथे कुणी इमारती बांधल्या असत्या तर ती अडीच लाख रोपं आणून ठेवली असती कुठे?”

मी म्हटलं की बेघर माणसाला माती दाखवून चालत नाही. २०१५ मध्ये सीरियातून, इराकमधून माणसं आली तेव्हा याच टर्मिनलच्या हँगरांत त्यांना ठेवलं. पुढे कायदा बदलून मैदानाच्या कडेला कंटेनरांची घरं टाकली.

“बघ,” आत्या म्हणाली. “जागा होती म्हणून ठेवता आली. १९४८ लाही जागा होती म्हणून पीठ उतरलं.”

“हँगरमध्ये आडोसे उभारून महिनोन् महिने राहिली ती, आत्या. पोराबाळांसकट. त्याला ठेवणं म्हणायचं? आधी घरं बांधली असती तर ती वेळ आली नसती.”

“नाही म्हणायचं,” ती म्हणाली. “तू बरोबर आहेस.”

तिनं हे इतक्या सरळ मान्य केलं की मला पुढचं वाक्य सुचेना.

मला आजही वाटतं की त्या मैदानाच्या कडेला घरं व्हावीत. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचं मत उलट आहे, त्यांच्याशीही मी वाद घालते. पण त्या शनिवारपर्यंत मी घरांची संख्या मोजत होते. ४,७०० हा आकडा मला पुरेसा वाटायचा. त्यांतली किती कायमची परवडणारी, कुणाच्या मालकीची, आणि दहा वर्षांनी कुणी नियमात ‘थोडा बदल’ करायला आलं तर त्याला अडवणार काय, हे २०१४ मध्ये बर्लिनकर विचारत होते आणि त्यांना धड उत्तर मिळालं नव्हतं. ते मतदार सगळे स्वार्थी होते असं मी इतके दिवस धरून चालले होते. १९९१ चं वर्तुळ आणि २००१ ची पुसलेली रेघ ज्यानं बघितली आहे, तो बर्लिनमध्ये असता तर त्यानंही तेच मत दिलं असतं. आत्यानं दिलं असतं.

आणि तरीही, त्या अविश्वासाची किंमत जिन्यात रांग लावणारे देतात. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “हो, देतात. आमच्या वेळी आम्ही दिली.”

*

पूर्वेच्या टोकाला, ओडरष्ट्रासेच्या फाटकाजवळ, लोकांनी केलेली बाग आहे. तिथे जमीन खणायची परवानगी नाही, म्हणून सगळं खोक्यांत. फळ्यांच्या पेट्या, जुनी न्हाणीची टबं, मोडकी कपाटं आडवी टाकून त्यांत माती. कुठे टोमॅटो, कुठे पुदिना, कुठे सूर्यफुलं. मध्ये बसायला लाकडी ओटे. कुणी रोप लावलं, कुणी पाणी घालतंय, कुणी नुसतं बसलंय.

एका पेटीत घेवड्याचा वेल मोडक्या छत्रीच्या तारांवर चढवलेला होता. वाऱ्यानं त्याचा एक शेंडा सुटून खाली लोंबत होता. आत्यानं पिशवीतून दुपारचा रुमाल काढून त्याची गाठ सोडली, कण पेटीच्या कोपऱ्यात टाकले, रुमालाच्या कडेचा दोरा दातानं तोडला आणि शेंडा तारेला बांधायला घेतला.

“आत्या, दुसऱ्याचं आहे ते.”

“बांधतेय, तोडत नाही.” दोरा घट्ट नको, वेल जाडावतो तेव्हा कापतो, असं सांगत तिनं सैल गाठ मारली आणि ओट्यावर बसली. दिवसभरात पहिल्यांदाच पाय लांब केले.

नऊ वाजून गेले होते तरी ऊन होतं. आम्ही आलो होतो त्या बाजूला, दोन किलोमीटरवर, सूर्य टर्मिनलमागे उतरत होता. मध्ये एकही इमारत नसल्यानं आमच्या सावल्या मागच्या कुंपणापर्यंत गेल्या होत्या. आत्या त्या बघत होती. लालबागमध्ये आता तिच्या गॅलरीत साडेतीनला सावली येते, समोरच्या टॉवरची.

माझा फोन वाजला. एका ‘वेगे’तून, म्हणजे चार-पाच जण मिळून राहतात त्या घरातून, उत्तर आलं होतं. उद्या संध्याकाळी साडेसहाला खोली बघायला ये. पत्ता शिलरकीझचा, कुंपणापलीकडच्या त्या रांगेतलाच. आनमेल्डुंग मिळेल. भाडं मला झेपणारं होतं, थोडंसं ताणून. आणखी वीस जणांना बोलावलंय, असंही लिहिलं होतं.

मी तिला मेसेज वाचून दाखवला.

“कुठली खिडकी?”

“ते कसं कळणार? यांतलीच कुठली तरी.”

आत्यानं एकेक मजला बघितला. खालून वर, पुन्हा खाली. कुठे दिवे लागले होते, कुठे वाळत घातलेले कपडे होते, एका खिडकीत कुणी कोपर टेकून मैदान बघत उभं होतं.

फाटक बंद करायला आलेला माणूस सायकलवरून हाका देत गेला. लोक उठले. आत्यानं चपला पायांत सरकवल्या आणि माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

“उद्या मी आले तर चालेल का?” तिनं विचारलं. “मी जिन्यात उभी राहीन.”